भागिरथीबाईंच्या नातीचं नाव

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की दुसऱ्या दिवशी फोन येतात, मग मी भांडत बसते आणि पुढचं लिहायचं राहून जातं. तिसगावच्या पुढं चार किलोमीटर, एवढं पुरे. तिथल्या अंगणवाडीत भागिरथी रंभाजी भिंगारदिवे सत्तावीस वर्षं मदतनीस आहेत. कागदावर मदतनीस म्हणजे मदत करणारी. प्रत्यक्षात झाडणारी, पाणी भरणारी, पोरांची शी धुणारी, आणि या सगळ्याच्या आधी पोरं घरोघरून गोळा करून आणणारी.

सकाळी साडेनऊला त्या वरच्या आळीच्या तोंडाशी उभ्या राहतात आणि हाका सुरू होतात. "राजनंदिनीऽऽ! ओंकारऽऽ! वाल्मिकऽऽ!" बाई अंगानं काटकुळी, पण हाक अशी की पार कांद्याच्या चाळीपर्यंत जाते. हा आवाज त्यांना आईच्या पोटातून मिळालेला नाही. नोकरीला लागल्या तेव्हा या आळीतली काही घरं त्यांना पायरीला पाय लावू देत नव्हती. पोरगं पाठवायची, पण बाईनं लांब उभं राहायचं. लांबून हाक मारून मारून आवाज तेवढा वाढला. आता पायऱ्या मोकळ्या झाल्यात, दोन घरांत चहाही विचारतात. आवाज मात्र त्या अंतराच्या मापाचाच राहिला.

आणि हाक नेहमी पुऱ्या नावानं. तीन वर्षांचं नाक गळणारं पोर असू दे, त्याला 'ओंक्या' नाही की 'वाल्म्या' नाही. राजनंदिनी हे नाव म्हणेपर्यंत ती पोरगी दोनदा पळून जाते, तरी राजनंदिनीच.

स्वतः भागिरथीबाई मात्र गावाला 'भागी'. "भागे, पोरगं झोपलंय, उद्या ने." "भागे, काल खिचडी खारट झाल्ती." त्यांच्या मुलाहून लहान पोरं मोटारसायकलवरून जाताना "काय भागे" म्हणून जातात.

माझी त्यांची ओळख नगरला झाली. कागदावर जिल्हा अहिल्यानगर झालाय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. अंगणवाडीच्या बायकांचा कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता आणि झाडाखाली बसून मी हजेरी लिहीत होते. त्यांच्या गावची एक बाई म्हणाली, "लिहा, भागाबाई." मी लिहायला लागले तर कुणीतरी माझं मनगट धरलं.

"भागिरथी लिहा. पुरं लिहा. जागा हाय ना कागदावर?"

जागा होती. आळस माझाच होता. मी खोडलं आणि पुरं लिहिलं. बायकांच्या मानासाठी घसा फोडणारी मी, आणि हजेरीत एका बाईला अर्धी करून टाकत होते. तेव्हापासून मी त्यांना कधी अर्ध्या नावानं बोलावलं नाही.

त्यांना दोन लेकरं. थोरला मुलगा. नवरा तेव्हा जिवंत होता, तो म्हणाला काहीतरी साधं ठेव. भागिरथीबाईंनी 'सम्राट' ठेवलं. हिशोब सरळ होता: शिवी द्यायची झाली तरी आधी सम्राट म्हणावं लागेल. गावानं आठ दिवसांत 'सम्या' केला. पोरगं पाचवीत असताना त्या शाळेत जाऊन गुरुजींशी भांडून आल्या, की हजेरीत सम्राट आहे तर तोंडात सम्या कशाला. गुरुजी हसले. पोरगं घरी येऊन रडलं, कारण आता सगळा वर्ग मुद्दाम सम्या म्हणत होता. धाकटी अश्विनी. ती 'आशी' झाली तेव्हा त्या कुणाशी भांडल्या नाहीत.

सम्राट आता शिर्डीत एका हॉटेलच्या काउंटरवर असतो. बायको माधुरी शेवगावची, एम.ए. झालेली, लग्नाआधी शाळेत शिकवायची. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतरचा रविवार बारशाला धरला आणि तिथून घरात नावावरून ठिणगी पडली.

मला ते कळलं अश्विनीकडून. ती चाकणला कंपनीत असते. तिनं गुरुवारी दुपारी फोन केला.

"ताई, आत्या मी हाय. कानात नाव मी सांगायचं. पण कुठलं सांगू? सकाळी आई फोन करती, रमा. दुपारी वहिनी फोन करती, प्रज्ञा. संध्याकाळी दादा फोन करून म्हणतो, तू ये तर खरं. मी काय दोन कानांत दोन नावं सांगू?"

"तुला कुठलं आवडतं?"

"मला सुट्टी मिळती का नाही त्याची पडलीय. तुम्ही जा की एकदा. आई तुमचं ऐकती."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. तरी शुक्रवारी मी गेले.

माधुरी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं स्वच्छ सांगितलं. "ताई, प्रज्ञा म्हणजे शहाणपण. आपल्याकडे शील, करुणा यांच्या आधी प्रज्ञा. मला मुलीचं नाव लोकांच्या तोंडाच्या मापानं शिवायचं नाही."

सम्राट सुट्टी काढून आला होता. तो म्हणाला, "मी हॉटेलात विचारून बघितलं ना. आपण प्रद्न्या म्हणतो, हिंदीवाले प्रग्या म्हणतात. गुजरातचे पाहुणे आले होते, ते तिसरंच काहीतरी म्हणाले. भंतेजींना विचारलं तर ते म्हणाले, पालीत पञ्ञा. चार ठिकाणी चार. पण ताई, एक सांगू? सगळे पुरं म्हणतात. मला माझं नाव पुरं शिर्डीतच ऐकायला मिळालं. कुठला कोण आंध्रचा माणूस, चावी मागताना सम्राटजी म्हणतो. इथं गावात गाडी लावली की लगेच सम्या."

भागिरथीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. म्हणाल्या, "म्हनूनच रमा म्हनते मी. दोन अक्षरं. काय तोडनार त्यात? कोनाच्याबी तोंडात बसतं, मोठं नाव हाय, मानाचं हाय. हे तुमचं परद्न्या..."

सम्राटला हसू आलं. वाईट हसला नाही, आईच्या बोलण्याला मुलगा हसतो तसा हसला. पण भागिरथीबाईंचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला. माधुरीनं नवऱ्याकडे असं बघितलं की तो उठून बाळाचे लंगोट वाळत घालायला बाहेर गेला.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी भाषण सुरू केलं. आपण का लहान व्हायचं, त्यांच्या सोयीसाठी आपण आपली नावं का कापून ठेवायची, उद्या म्हणतील शाळाही थोडीच शिका. आवाज चढला तसं बाळ दचकलं.

"ताई," भागिरथीबाई म्हणाल्या, "हितं मोर्चा न्हाई. माझं घर हाय."

मी ताट पुढं ओढलं. भाकरी चांगली होती, तीन खाल्ल्या.

मुक्काम तिथंच केला. सकाळी भागिरथीबाई अंगणवाडीला निघाल्या तेव्हा मी पण चप्पल घातली. वाटेत हौदापाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"काल तुमी बोलल्या ते समदं बरूबर हाय. पन तुमाला माझी अडचन कळली न्हाई. गावाचं भ्या न्हाई मला, गावाशी मी भांडत आले. पन हे नाव मलाच येत न्हाई. पयली मोडनारी मीच. माझ्या पोराला सम्या म्हनले, मी शाळंत जाऊन भांडले. आता माझ्याच तोंडातनं नातीचं नाव मोडकं निघनार. मंग मी कोनाशी भांडू?"

मी म्हटलं, "शिकवते मी. म्हणा, प्र."

"पर."

"प्र."

"ऱ्हाऊ द्या, ताई. दोन दात पडल्यात. मी काय शाळंत हाय?" मग जरा वेळानं म्हणाल्या, "लोकं कसं म्हनत्यात ते तर बघू."

त्यांनी ते नाव गावात फिरवून बघायचं ठरवलं होतं. रोजची फेरी तीच. तिच्यात एक नाव जास्तीचं.

पहिलं घर राहीबाईंचं. ऐंशीच्या पुढचं वय, ओट्यावर बसून राजनंदिनीची वेणी घालत होत्या. राजनंदिनी त्यांची पणती.

"राहीबाय, नातीचं नाव काढलंय सुनंनं. म्हनून बघा बरं," भागिरथीबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी सांगा."

मी सांगितलं.

"पद्न्या," राहीबाई म्हणाल्या. स्वतःच मान हलवली. "परग्ना. न्हाई. आगं, परत सांग, तोंड हिकडं कर." वेणी सोडून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझ्या ओठांकडे बघत तिसऱ्यांदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदाही चुकलं. त्या अशा हसल्या की खोकला लागला. "अर्थ काय गं त्याचा?"

"शहानपन," भागिरथीबाई म्हणाल्या.

"मंग जरा जड असंनच. येईल चार दिसांत."

"पनन्या!" राजनंदिनीनं एका दमात म्हटलं आणि भागिरथीबाईंचं बोट धरलं.

पुढचं घर पुंजारामचं. पासष्टीचा माणूस, ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. सप्ताहात पोथी वाचायला तोच असतो, वाणी स्वच्छ. ओंकार त्याचा नातू.

"भागे, आज पाहुनी कोन ही? झेंडेवाली का?"

मी नमस्कार केला नाही.

भागिरथीबाईंनी त्यालाही तेच विचारलं. पुन्हा मलाच सांगायला लावलं. पुंजारामनं चष्मा काढला आणि असं उच्चारलं की मी चाट पडले. 'प्र' वेगळा, 'ज्ञा' वेगळा, कुठं ठेच नाही. वर समजावून सांगितलं. "संस्कृत शब्द हाय हा. प्रज्ञा म्हंजी बुद्धी. नुसती हुशारी न्हाई, पार आतली."

भागिरथीबाईंचा चेहरा उजळला. मी पाहिलं ते. "लई चांगलं म्हनता, दादा."

"म्हनायला काय झालं. पन एवढं रोज कोन म्हननार गं? आमी आपलं पर्गी म्हनू." आणि हसला.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात भागिरथीबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"आन रमा ठिवलं तर?" त्यांनी विचारलं.

"मंग रमी. सोपं."

त्याला यात काही वाईट बोललो असं वाटलंही नव्हतं. पेपराची घडी घालत तो म्हणाला, "लेकराचं लाडाचं नाव पडतंच की, भागे."

"ओंकारबी लाडाचाच हाय तुमच्या," भागिरथीबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "दोन वर्सं झाली मी त्याला नेती-आनती. काय म्हनते मी त्याला?"

"ओंकार म्हनतीस की."

"ओंक्या म्हनले कधी?"

"म्हनून तर बघ," पुंजाराम म्हणाला.

तो हसतच म्हणाला, पण म्हणाला. मग त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं. चष्मा हातात तसाच राहिला. आतून ओंकार एका पायात चप्पल घालून उड्या मारत आला. पुंजारामनं त्याची दुसरी चप्पल शोधायला खाली वाकून बराच वेळ लावला, ती समोरच पडली होती.

"चला, ओंकार," भागिरथीबाई म्हणाल्या.

आम्ही वळणापर्यंत गेलो आणि मला राहवेना. "मला का धरलंत तुम्ही? त्याला दोन शब्द सुनावायला पाहिजे होते."

"तुमी सुनावलं आस्तं तर त्यो गप ऱ्हायला आस्ता. मंग मला कळलं आस्तं का, त्याच्या मनात काय हाय ते?"

पुढं दोन घरं त्यांनी नावाचं काही काढलंच नाही. पोरं गोळा केली, अंगणवाडी उघडली, सतरंजी टाकली. खिचडीचे तांदूळ निवडायला बसल्यावर म्हणाल्या, "त्याला चोख येतं, ताई. माज्यापेक्षा, तुमच्यापेक्षाबी चोख. आन राहीबायला एक अक्षर येत न्हाई."

मी म्हटलं, "मग?"

"मंग काय. मी समजत हुते जीभ वळत न्हाई म्हनून लोकं तोडत्यात. सोपं दिलं की तोडायचे न्हाईत." तांदळातला एक खडा त्यांनी लांब भिरकावला. "रमी म्हनला त्यो. एका दमात. रमीला काय जड हुतं?"

दुपारी पोरं घरोघर सोडली. घरी गेल्यावर त्यांनी माधुरीला काही सांगितलं नाही. माधुरीनं मला खुणेनं विचारलं, मी खांदे उडवले. मला खरंच माहीत नव्हतं. रमा गेलं असं वाटत होतं, पण प्रज्ञा आलं असंही म्हणता येत नव्हतं. त्यांची अडचण होती तिथंच होती. जीभ त्यांचीच होती.

रविवारी घर भरलं. शेवगावहून माधुरीची माणसं आली, शिकलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली. पांढऱ्या कापडावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढं मेणबत्त्या. वंदना झाली. अश्विनी पहाटेच्या गाडीनं आली होती, डोळ्यांत झोप होती. पाळण्याला झेंडूची माळ लावली होती. राहीबाई काठी टेकत आल्या आणि पाळण्याला लागूनच बसल्या, कुणी विचारलं नाही की अडवलं नाही. पुंजाराम आला नाही. ओंकारला पाठवलं होतं, त्याच्या हातात झबलं-टोपडं.

बाळाला पाळण्यात ठेवलं. अश्विनी कानाशी वाकली. बायका तिच्या मागं बुक्क्या उगारून तयार, कारण आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे आमच्याकडं धर्म बदलला तरी बदललं नाही. अश्विनी वाकलेली तशीच राहिली आणि मान तिरकी करून म्हणाली, "आई, सांग की. काय सांगू?"

सगळे हसले. मग हसू विरलं, कारण भागिरथीबाई हसत नव्हत्या.

माधुरी पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. नाव तिच्या ओठांवर येऊन थांबलेलं मला दिसत होतं. सम्राट पुढं झाला, "आई, मी सांगतो," तर माधुरीनं त्याची बाही धरून मागं ओढलं.

चाळीसेक माणसं असतील. सत्तावीस वर्षं रोज गल्लीत उभं राहून लोकांच्या लेकरांची नावं पुकारणारी बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीच्या पाळण्यापाशी ओठ ओले करत उभी होती. शेवगावच्या पाहुण्यांतली एक बाई दुसरीच्या कानात कुजबुजली. मला तिला उठवून बाहेर काढावंसं वाटलं. मी माझं मनगट माझ्याच हातानं धरलं.

"परद्न्या," भागिरथीबाई म्हणाल्या.

आवाज गल्लीतलाच निघाला, त्यांच्याकडं दुसरा नव्हता. मागं पोरं खेळत होती ती थांबली. कुजबुजणाऱ्या बाईनं पदर तोंडाला लावला, आणि राहीबाईंनी काठी जमिनीवर आपटून म्हटलं, "झालं! सांग, पोरी, कानात. किती वेळ वाकलीय बिचारी."

अश्विनी बाळाच्या कानाशी गेली. कुर्रर्र झालं. तिनं कसं उच्चारलं ते तिला आणि बाळाला ठाऊक, कारण तोवर तिच्या पाठीत धपाटे सुरू झाले होते आणि ती ओरडत होती, "अगं, हळू! उद्या ड्यूटी हाय मला!"

मग नाव घरभर फिरलं. शेवगावच्या मामांनी व्यवस्थित म्हटलं. गल्लीतल्या बायकांनी परग्या, परदन्या, पद्न्या, ज्याला जमलं तसं म्हटलं. सम्राटच्या हॉटेलातला एक बिहारी पोरगा आला होता, तो पाळण्यापाशी जाऊन हात जोडून "प्रग्या बिटिया" म्हणाला. भागिरथीबाई प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होत्या, आदल्या दिवशी राहीबाईंनी माझ्याकडं बघितलं होतं तसं.

पाहुणे गेल्यावर दुपारी आतल्या खोलीत त्या आणि माधुरी भांडी आवरत होत्या. मी उरलेला भात काढून ठेवत होते. भागिरथीबाई परात पुसता पुसता म्हणाल्या, "माधुरी, मला आसंच येनार. म्हातारपनी जीभ काय वळायची न्हाई. चालंल का तुला?"

माधुरी लगेच 'चालेल' म्हणाली असती तर मला ते खोटं वाटलं असतं. तिनं हातातला तांब्या विसळला, उपडा घातला.

"चालेल, आई. पण ती शाळेत जायला लागली की तुम्हाला दुरुस्त करील. माझ्यासारखी झाली तर नक्कीच करील. तेव्हा रागावू नका."

"रागवन की," भागिरथीबाई म्हणाल्या. "नातीनं चूक काढल्यावर रागवायचं न्हाई तर काय? पन काढू दे."

माधुरी हसली, आणि मग तिचे डोळे भरले, ते तिनं तांब्याच्या पाण्यावर ढकललं.

तेवढ्यात सम्राटनं दारातून डोकं घातलं. "आई, बाळ रडतंय."

"कोन रडतंय?"

"बाळ."

"बाळ सकाळपर्यंत हुतं. आता नाव ठिवलंय."

सम्राट दारात उभा राहिला. बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघींनी भांड्यांत माना घातल्या.

"प्रज्ञा रडतीय," तो म्हणाला.

"व्हय," भागिरथीबाई म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत बाहेर गेल्या.